साध्या वैयक्तिक संकेतस्थळासाठी सर्व्हर-साइड स्क्रिप्टिंग भाषेची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : कसारा, ता. शहापूर, जि. ठाणे)

प्रस्तावना :

मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे ईशान्येकडील अखेरचे स्थानक म्हणजे कसारा. इ.स. १८६१ मध्ये लोहमार्ग येथपर्यंत पोहोचला आणि १८६५ मध्ये थळ घाट ओलांडून तो इगतपुरीस गेला. तेव्हापासून हे गाव महानगराशी जोडलेले आहे. तथापि गावाचा व परिसराचा लिखित वृत्तान्त मात्र फारच थोडा उपलब्ध आहे. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या समाजांच्या बोलीतील शब्द, पाड्यांची नावे, माहुली किल्ल्याच्या परिसरातील स्थळनामे यांची नोंद प्रामुख्याने वृद्धांच्या स्मरणातच आहे. अशी नोंद एखाद्या शिक्षकाने अथवा विद्यार्थ्याने स्वतःच्या छोट्या संकेतस्थळावर करावयाची ठरविल्यास त्याच्यासमोर पहिलाच तांत्रिक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे संकेतस्थळ कोणत्या भाषेत चालवावे? हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसत असला तरी त्याच्या उत्तरावर ती नोंद किती वर्षे वाचता येईल हे अवलंबून असते. म्हणून त्याचा इतिहासाच्या अंगाने विचार करणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :

१. सर्व्हर-साइड स्क्रिप्टिंग भाषांच्या उदयाचा व प्रसाराचा आढावा घेणे.
२. मराठी मजकुराच्या दृष्टीने या भाषांच्या मर्यादा तपासणे.
३. कसाऱ्यासारख्या ग्रामीण ठिकाणच्या साध्या संकेतस्थळासाठी निवडीचे निकष निश्चित करणे.

सी.जी.आय. आणि पर्लचा काळ :

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात सर्न या संस्थेत ज्या वेबची रचना केली, त्यातील पाने स्थिर होती. सर्व्हरवर ठेवलेली फाईल जशीच्या तशी वाचकाकडे पाठविली जाई. वाचकाने भरलेला अर्ज स्वीकारणे किंवा शब्द शोधून देणे यासाठी सर्व्हरने एखादा प्रोग्राम चालविणे आवश्यक होते. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील एन.सी.एस.ए. या केंद्रात सी.जी.आय. हा संकेत पुढे आला व ही सोय झाली. या कामासाठी लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली पर्ल ही भाषा सोयीची ठरली, कारण मजकुराची छाननी हेच तिचे बलस्थान होते. मात्र प्रत्येक मागणीसाठी नवा प्रोग्राम सुरू होत असल्याने सर्व्हरवर भार पडे आणि पानाची मांडणी प्रोग्रामच्या पोटात दडून जाई. प्रोग्रामर नसलेल्या व्यक्तीस हे काम अवघडच होते.

पीएचपीचा उदय :

येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. ज्या भाषेने पुढे वेबचा मोठा भाग व्यापला, तिचा जन्मच एका वैयक्तिक संकेतस्थळाच्या गरजेतून झाला. रासमस लर्डॉर्फ यांनी आपल्या ऑनलाइन परिचयपत्रास कोण भेट देते हे पाहण्यासाठी १९९४ मध्ये सी भाषेत काही छोटी साधने लिहिली. ‘पर्सनल होम पेज टूल्स’ या नावाने ती जून १९९५ मध्ये सर्वांसाठी खुली करण्यात आली. पुढे इस्रायलमधील अँडी गुटमन्स व झीव सुरास्की यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ प्रसिद्ध झाली. २००० मध्ये चौथी व २००४ मध्ये पाचवी आवृत्ती आली.

पीएचपीच्या यशाचे कारण तिच्या भाषिक सौंदर्यात शोधणे योग्य होणार नाही. नेहमीच्या एचटीएमएल पानात मध्येच दोन ओळी लिहिल्या की काम होई, हे पहिले कारण. लिनक्स, अपाची व मायएसक्यूएल यांच्यासह ती विनामूल्य उपलब्ध होती, हे दुसरे. त्यामुळे एकाच सर्व्हरवर शेकडो ग्राहकांना अल्प भाड्यात जागा देणाऱ्या कंपन्यांनी पीएचपी हीच प्रमाण सोय मानली. याउलट मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या अखेरीस आणलेली एएसपी ही प्रणाली विंडोज सर्व्हरवर चालत असे व त्याचा परवाना विकत घ्यावा लागे. जावावर आधारित जेएसपी मोठ्या संस्थांसाठी उपयुक्त होती. पण तिला अधिक स्मरणशक्तीचा सर्व्हर लागे. पायथनवरील जँगो (२००५) आणि रूबीवरील रेल्स (२००४) या चौकटी शिस्तबद्ध होत्या. मात्र स्वस्त सामायिक जागेवर त्या चालविणे प्रारंभी सोपे नव्हते. सारांश, सामान्य माणसाची निवड भाषेच्या गुणांपेक्षा भाड्याच्या दराने व उपलब्धतेने ठरविली असे दिसून येते.

मराठी संकेतस्थळांचा अनुभव :

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. १९९६ मध्ये मायबोली हे संकेतस्थळ सुरू झाले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा प्रारंभ झाला. त्याची मीडियाविकी ही प्रणाली पीएचपीत लिहिलेली आहे. मनोगत (२००४) आणि मिसळपाव (२००७) ही संकेतस्थळे द्रुपल या प्रणालीवर उभी राहिली व द्रुपलही पीएचपीतच आहे. म्हणजेच मराठीतील सार्वजनिक लेखनाचा मोठा भाग याच भाषेच्या आधाराने वाढला.

तरीही पीएचपीत एक मूलभूत उणीव होती. तिच्या दृष्टीने मजकूर म्हणजे केवळ बाइटांची रांग. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘कसारा’ या शब्दात वाचकास तीन अक्षरे दिसतात. काने स्वतंत्र धरल्यास युनिकोडची चिन्हे पाच होतात. आणि पीएचपीचे लांबी मोजणारे मूळ फंक्शन मात्र पंधरा हे उत्तर देते. अशा मोजणीने मजकूर मध्येच तोडल्यास अखेरचे अक्षर फुटून त्या जागी निरर्थक खूण उमटते. यासाठी एमबी-स्ट्रिंग ही पुरवणी वापरावी लागते. संपूर्ण भाषाच युनिकोडवर नेण्याचा सहाव्या आवृत्तीचा प्रयत्न २०१० मध्ये सोडून देण्यात आला. पायथनने मात्र २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून मजकूर मुळातच युनिकोड मानला.

अडचण येथेच संपत नाही. युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ च्या लगेच नंतर येते; मराठी वर्णमालेत ते ‘ह’ नंतर येते. बोलीतील शब्दांचा संग्रह केवळ संकेतक्रमाने लावल्यास तो मराठी शब्दकोशाच्या क्रमाशी जुळत नाही. ‘कसाऱ्याला’ या रूपातील अर्धा ‘र’ दोन निरनिराळ्या संकेतमालिकांनी लिहिता येतो. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात. परंतु शोध घेणारा प्रोग्राम त्यांना भिन्न शब्द समजू शकतो. गावाचे नावच ज्या संकेतस्थळावर शोधता येत नाही, त्याची उपयुक्तता मर्यादित ठरते.

टिकाऊपणाचा प्रश्न :

स्क्रिप्टिंग भाषा सतत बदलत असतात. पत्त्यातून आलेले मूल्य आपोआप चल बनविणारी पीएचपीची सोय असुरक्षित ठरली; २००२ मध्ये ती मूलतः बंद ठेवण्यात आली व २०१२ मध्ये काढून टाकण्यात आली. मायएसक्यूएलशी जोडणारी जुनी फंक्शने २०१५ च्या सातव्या आवृत्तीत नाहीशी झाली. परिणामी, लिहून विसरून गेलेली असंख्य छोटी संकेतस्थळे सर्व्हर अद्ययावत होताच बंद पडण्याचा धोका निर्माण झाला. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधारही १ जानेवारी २०२० रोजी संपला. याउलट १९९० च्या दशकातील साधे एचटीएमएल पान आजही उघडते. अर्थात, स्थिर पानेही जागा देणाऱ्याच्या मर्जीवर असतात. जिओसिटीज ही विनामूल्य सेवा २००९ मध्ये जपान वगळता सर्वत्र बंद झाली, तेव्हा प्रत न ठेवणाऱ्यांचे लेखन हातचे गेले.

कसाऱ्याच्या संदर्भात निवड :

थळ घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. मुंबईकडून येणाऱ्या गाडीस कसाऱ्यास मागून जादा बँकर इंजिने जोडतात व घाट चढून झाल्यावर इगतपुरीस काढून घेतात. सपाटीवर ती ओढत नेण्यात कोणताही लाभ नसतो. सर्व्हर-साइड भाषेविषयीही हेच सूत्र लागू पडते. पाड्यांची माहिती, छायाचित्रे, वृद्धांच्या आठवणी ही सपाटीची वाट होय. तेथे स्थिर पाने पुरेशी आहेत. मजकुरातून स्थिर पाने तयार करून देणारी जेकिलसारखी साधने २००८ पासून उपलब्ध आहेत. वाचकांकडून नवे शब्द स्वीकारणे, त्यांची छाननी करणे व कोशात शोध देणे हा घाट होय. तेथे स्क्रिप्टिंग भाषा जोडणे समर्थनीय ठरते.

निष्कर्ष :

१. पीएचपीचा प्रसार भाषिक श्रेष्ठत्वामुळे न होता सुलभता व अल्प खर्च यांमुळे झाला. साध्या संकेतस्थळासाठी ही कारणे आजही ग्राह्य आहेत.
२. मराठी मजकुरासाठी भाषा निवडताना युनिकोड हाताळणी, वर्णक्रम व शोध यांची चाचणी प्रत्यक्ष मराठी शब्दांवर घ्यावी.
३. ज्या भागास प्रोग्रामची गरज नाही तो स्थिर ठेवावा. त्यामुळे देखभाल व धोका दोन्ही कमी होतात.
४. मूळ नोंदी यूटीएफ-८ मधील साध्या मजकूर फाइलींत, संकेतस्थळापासून स्वतंत्र व एकाहून अधिक ठिकाणी जतन कराव्यात.

स्क्रिप्टिंग भाषा बदलली तर संकेतस्थळ पुन्हा उभारता येते. परंतु एखाद्या कातकरी वृद्धेने सांगितलेला शब्द तिच्या पश्चात पुन्हा मिळत नाही. म्हणून निवड भाषेची असली तरी तिचा अंतिम निकष त्या शब्दाची सुरक्षितता हाच असला पाहिजे.