बोनामेसचा जुना विमानतळ

जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या उत्तर भागात, निड्डा नदीकाठी असलेली मोकळी हरित जागा. दुसऱ्या महायुद्धानंतर येथे अमेरिकी लष्कराचा हेलिकॉप्टर तळ होता. 1945 मध्ये जर्मनीतच मारले गेलेले अमेरिकी सेनानी मॉरिस रोझ यांचे नाव त्याला होते. 1992 मध्ये लष्कर निघून गेले आणि मागे राहिले काँक्रीट. शहराने 1991 मध्ये आखलेल्या ‘ग्र्यूनग्युर्टेल’ या सुमारे 8,000 हेक्टरांच्या हरितपट्ट्यात हा भाग येत असल्याने तेथे पुन्हा बांधकाम करण्याऐवजी तो निसर्गाच्या हवाली करायचे ठरले.

काम साधारण 2002 ते 2004 या काळात झाले. आराखडा कासेलच्या ‘जीटीएल’ या भूदृश्यरचनाकारांचा. सुमारे साडेचार हेक्टर पक्क्या जमिनीपैकी तीनेक हेक्टर फोडण्यात आली. पण राडारोडा ट्रकांत भरून दूर नेला नाही, की त्यावर सुपीक मातीचा थर अंथरला नाही. वाहतुकीचा खर्च वाचला, हा भाग उघडच आहे. खरी हुशारी तुकड्यांच्या आकारात होती. कुठे मोठाल्या लाद्या तशाच उलथून ठेवल्या, कुठे काँक्रीट गोट्यांएवढे फोडले, तर कुठे त्याची बारीक खडी केली. लाद्यांखालच्या खळग्यांत पाणी साचते. तेथे बेडूक येतात आणि ओल धरून विलो उगवतो. उन्हात तापणाऱ्या बारीक खडीत मात्र कोरड्या, निकस जमिनीत तग धरणाऱ्या वनस्पतीच टिकतात. एकाच सामग्रीतून शेजारी शेजारी वेगळे अधिवास तयार झाले. सुपीक माती टाकली असती, तर दांडग्या गवतांनी बाकी सारे दडपले असते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या प्रकल्पाचे मोल बहुधा इथेच आहे.

धावपट्टीचा काही भाग राखून ठेवला आहे. त्यावर मुले स्केटिंग करतात, सायकली शिकतात. नियंत्रण मनोऱ्यापाशी उपाहारगृह चालते.

उघड्या खडीत अंडी घालणाऱ्या कंठेरी चिखल्यासारख्या पक्ष्यांना अशी जागा सोयीची.

झाडोरा वाढू लागला की उघड्या खडीची ही सुरुवातीची अवस्था सरते आणि ऊन मागणाऱ्या जाती मागे पडतात. ठिकठिकाणी छाटणी करून खडी उघडी ठेवावी की रान होऊ द्यावे, याबाबत मतभेद संभवतात. बांधकाम पूर्णपणे टळले मात्र नाही : 2015 नंतर जुन्या तळाच्या एका भागात निर्वासितांसाठी घरे उभारण्यात आली.