अकरा महिने सामान कुठं होतं?

दिंडीचा इतिहास लिहायला बसलं की वाटचालीचाच इतिहास लिहिला जातो. मुक्काम कोणते, विणेकरी कोण, चोपदार कोण, कोणत्या गावात पंगत कोणाची. ते सगळं या ग्रंथात इतरत्र आलेलं आहे. आम्ही इथं दिंडी चालत नसते त्या अकरा महिन्यांचं लिहितो आहोत, आणि तेही सामानाचं. आषाढी करून माणसं जानेफळला परत येतात तेव्हा शेतात निंदण-डवरणी सुरू झालेली असते. जो तो घरी जातो, शेताला लागतो. पण काहील कुठं जाते? राहुट्या, जाजमं, पखवाज, पराती, पताका, पोथ्या कुठं जातात? या प्रश्नावर शंभर वर्षांत जेवढ्या बैठका झाल्या तेवढ्या दुसऱ्या कशावर झाल्या नसतील. काही बैठकांतून तर माणसं उठूनही गेली.

पहिल्यांदा एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. लग्नातलं किंवा सप्त्यातलं सामान उन्हाळ्यात, कोरडं आत जातं. दिंडीचं सामान परत येतं ते भर पावसाळ्यात. राहुटी ओली, दोर ओले, जाजमाला चिखल, गोणपाटाला घाण. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसांत आपल्याला ते बंद करून ठेवायचं असतं. जुनी माणसं परतीच्या गाडीवरच सांगत, "ओलं घडी घालू नका रे, कुजीन ते." सुती राहुटी ओली मिटली तर आठ दिवसांत तिला बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी ती फाटते. म्हणून सामान ठेवायला खोली कोणती, हा प्रश्न दुसरा. वाळवायला ओसरी कोणाची, हा पहिला.

बैलगाडीच्या काळात सामान थोडं होतं. तांब्या-पितळेची भांडी, दोन-चार पालं, कंदील, ताडपत्री आणि शिधा. घरं माळवदाची, भिंती जाड. वारीहून उरलेली ज्वारी-डाळ ज्याच्या त्याच्या बळदात नाहीतर कणगीत जाई. कणगी शेणामातीनं लिंपलेली, जमिनीपासून वर दगडांवर बसवलेली, म्हणून खालून ओल लागत नसे. जास्तीचं धान्य पेवात. पेव कसं असतं हे आताच्या पोरांना माहीत नाही. "पेव फुटलं" एवढंच तोंडात राहिलं आहे. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं, बाजूनं कडबा नाहीतर भुसा, आणि तोंड दगड-मातीनं बंद. हवा आत जात नाही म्हणून किडा वाढत नाही. पण तीच हवा माणसाचा जीवही घेते. पेव उघडलं की काही वेळ तसंच ठेवायचं, मग पेटता दिवा दोरीनं खाली सोडायचा. दिवा विझला तर माणूस उतरत नसे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध होती, त्यांत हळद वर्षानुवर्षं राहत असे. 2005 च्या महापुरात पाणी शिरलं आणि ती पेवं गेली. धान्याला, हळदीला पेव उत्तम, पण त्याची जागा कोरडी पाहिजे. भांड्याला, चामड्याला, कापडाला पेव कामाचं नाही.

जमिनीत ठेवलेलं टिकतच नाही असंही नाही. आपल्या शेजारी मेहकरला शारंगधर बालाजीची मूर्ती 1888 साली जमिनीतून निघाली, ती लाकडी पेटीत ठेवलेली होती असं सांगतात. ज्यांनी ठेवली त्यांनी परत कधी काढायची हे ठरवलेलं नव्हतं. दिंडीला मात्र दर वर्षी ज्येष्ठात सामान बाहेर काढावंच लागतं, हा फरक.

तेव्हाची रीत सोपी होती. ज्याच्याकडे सेवा, त्याच्याकडे वस्तू. पखवाज पखवाज्याच्या घरी, वीणा मंदिरात खुंटीला, पोथी वाचणाऱ्याच्या देव्हाऱ्यात, काहील ज्याची पंगत मोठी त्याच्या माळ्यावर. मोठ्या पालख्यांतही हेच दिसतं. हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली तेव्हापासून अंकलीच्या शितोळे सरकारांकडे अश्वांची आणि तंबूची सेवा आहे. आजही अश्व अंकलीहून चालत आळंदीला येतात. सोहळ्याचं सगळं एका कोठारात नसतं, ते माणसांच्या सेवेत वाटलेलं असतं.

या रीतीला एक मोठं भोक होतं ते वाटणीचं. भाऊ वेगळे झाले की घरातली भांडी मोजली जातात. माळ्यावरची काहील घरची की दिंडीची, हे सांगणारा म्हातारा तोवर गेलेला असतो. अशी एक काहील आमच्या आधीच्या पिढीत वाटणीत गेली, आणि ज्या घरात गेली त्या घरानं वारीच सोडली. भांडं गेलं त्यापेक्षा घर तुटलं याचं वाईट वाटतं. त्यानंतर प्रत्येक भांड्यावर दिंडीचं नाव कोरून घ्यायचं ठरलं, आणि याददास्तीची वही सुरू झाली. काठावर नाव नसलेलं भांडं आजही आपण घेत नाही, कोणी कितीही श्रद्धेनं दिलं तरी.

मग जर्मनची भांडी आली, पुढे स्टील आलं, गाडीच्या जागी ट्रक आला. ट्रकात जागा आहे म्हणून सामान वाढलं. गॅसच्या शेगड्या, पाण्याच्या टाक्या, प्लास्टिकच्या ताडपत्र्या, लोखंडी पाइपांचा मंडप. कोणाच्याही एका घरात ते मावेना. काही वर्षं सभामंडपाच्या कोपऱ्यात ठेवलं. तिथं उंदरांनी जाजमं कुरतडली, आणि सप्ता आला की सगळं बाहेर. नंतर एका व्यापाऱ्याच्या गोदामात जागा मिळाली, फुकट. सोयाबीनचं गोदाम कोरडं असतं, पण धान्याला कीड लागू नये म्हणून तिथं विषारी गोळ्या ठेवतात. ज्या काहिलीत हजार माणसांची खिचडी शिजते ती अशा खोलीत ठेवायची? खताच्या गोदामाचंही तेच. युरिया ओल धरतो, लोखंड खातो. फुकट जागेला नाही म्हणायला तेव्हा फार जड गेलं, पण म्हटलं ते बरं झालं.

पत्र्याचं शेडही करून पाहिलं. चैत्र-वैशाखात आत भट्टी होते. पखवाजाच्या खोडाला अशा तापलेल्या जागी चीर पडते, प्लास्टिकची ताडपत्री कडक होऊन घडीवर तुटते.

काही जड भांडी पंढरपुरातच मठात ठेवण्याची चाल बऱ्याच दिंड्यांत आहे. आषाढीहून कार्तिकीपर्यंत ओझं वाचतं. पण चंद्रभागेचं पाणी कुठवर येतं हे पाहूनच जागा घ्यावी. ऑक्टोबर 2020 मध्ये पंढरपुरात पूर आला तेव्हा बाहेरगावच्या दिंड्यांची माणसं तिथं पोहोचूही शकत नव्हती.

ते वर्षच तसं होतं. 2020 ची आणि 2021 ची आषाढी पायी वारीशिवाय गेली, संतांच्या पादुका बसनं पंढरीला नेल्या. शेगावच्या श्रींची पालखी परतीच्या वाटेवर मेहकरहून आपल्या जानेफळला येते, तीही दोन वर्षं आली नाही. 2019 च्या पावसाळ्यात बंद केलेलं सामान 2022 च्या ज्येष्ठात उघडलं. अकरा महिन्यांसाठी ठेवलेली वस्तू जवळजवळ तीन वर्षं पडली, तेव्हा कोणती जागा खरी आणि कोणती खोटी हे एका सकाळीत कळलं.

पत्र्याच्या पेट्या थेट फरशीवर होत्या, त्यांचे तळ गंजून गेले होते. ज्या दोन विटांवर होत्या त्या जशाच्या तशा. पितळी भांडी हिरवी पडली होती, पण चिंचेनं घासून कलई केल्यावर उभी राहिली. सुती राहुट्या गेल्या. सामाईक खोलीत ठेवलेल्या दोन पखवाजांपैकी एकाच्या धुमेवर कणीक तशीच राहिली होती. उंदरांनी कणकेसाठी चामडंही खाल्लं. कणीक खरवडून, वाद्या सैल करून, खोळ घालून वर टांगलेला दुसरा पखवाज पुडी न बदलता बोलला.

आणि जे माणसांच्या घरी होतं ते सगळं चांगलं होतं. घरी ठेवलेला पखवाज त्या दोन वर्षांत रोज संध्याकाळी हरिपाठाला वाजला होता. पोथ्यांचंही तसंच. गाथा इंद्रायणीनं तेरा दिवस सांभाळली, ही आपली श्रद्धा आहे. आपल्या पोथ्या मात्र आपणच सांभाळायच्या. बासनात गुंडाळून, वेखंड नि कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली ज्ञानेश्वरी वाळवीनं कडेनं खाल्ली होती. तिच्याच जोडीची, रोज वाचली जाणारी प्रत हाताळून मळली होती, पण पान शाबूत.

शताब्दीनिमित्त एक मोठी पक्की खोली बांधून सगळं सामान तिथं आणावं, अशी तरुण मंडळींची इच्छा आहे. खोली पाहिजेच. जोतं रस्त्यापेक्षा हातभर उंच, दोन बाजूंना जाळीच्या खिडक्या, भिंतीपासून वीतभर सोडून लाकडी फळ्यांचे मांचे, आणि पुढं रुंद ओसरी, पावसातही राहुटी पसरता येईल एवढी. पैसे कमी पडले तर खोली लहान करा, ओसरी लहान करू नका. पाइप, टाक्या, शेगड्या, काहिली खुशाल तिथं जाऊ द्या. पण पखवाज, वीणा, पोथ्या आणि टाळ त्या खोलीत जाऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. बैठकीत याला विरोध झाला. घरोघरी वस्तू राहिल्या तर पुन्हा वाटणीची भानगड, असं म्हणणं पडलं. म्हणणं खोटं नाही. त्यासाठी नाव कोरलेलं आहे आणि वही आहे. दर वर्षी पोळ्यानंतरच्या पहिल्या एकादशीला वही मंदिरात मोठ्यानं वाचतात, ज्याच्याकडे जे आहे तो "आहे" म्हणतो. भांडी लग्नाला दिलेली असतील तर तेही तिथंच सांगायचं.

गेल्या वर्षीच्या वाचनात एक मोठी परात आणि दोन वाढप्या लागल्या नाहीत. वहीत त्यांच्यापुढं "बाकी" लिहिलं आहे. कोणाच्या घरी असतील तर नाव न विचारता मंदिराच्या पायरीवर ठेवून जावं, माउली.