कंसातले नाव

धर्मग्रामाच्या कार्यालयात आठवड्यातून दोघे-तिघे तरी जुन्या नोंदी मागावयास येतात. कोणाला जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या बाप्तिस्म्याचा उतारा हवा असतो, तर कोणाला जमिनीच्या दाव्यात आपण अमुक इसमाचे वारस आहोत हे सिद्ध करावयाचे असते. अलीकडे मात्र असेही काही लोक येऊ लागले आहेत, की ज्यांना काहीच सिद्ध करावयाचे नसते. 'फादर, आमचा मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, एवढे सांगा', इतकीच त्यांची मागणी असते. अशा लोकांना आम्ही शक्य ती मदत करीत आलो. ती करता करता आपल्याही कुळाचा शोध घ्यावा असे आमच्या मनाने घेतले. त्या शोधाची हकीकत वाचकांना सांगावी असे वाटते. तिच्यात आमच्या घराण्याच्या बढाईला फारशी जागा उरलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या घरची परंपरागत कथा अशी. आमचे खापरपणजोबा हे गावातील पहिले धाडसी शेतकरी. भरतीचे पाणी जेथे दिवसातून दोनदा शिरत असे त्या खाजणात त्यांनी एकट्याने बांध घातला, खारे पाणी अडविले आणि भाताचे शेत उभे केले. त्या शेताला आजही आमच्या घरात 'बाबांचा खार' म्हणतात. वसईच्या खाडीकाठी जमीन अशा रीतीने निर्माण करावी लागे हे खरेच आहे. प्रथम चिखलमातीचा आणि दगडाचा बांध, त्यात पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी उघाडी. मग दोन-चार पावसाळे मिठाचा अंश धुऊन जाण्याची वाट पाहावयाची आणि तोवर रात्यासारखे खारे भात घ्यावयाचे. सरकारही अशा जमिनीला इस्ताव्याच्या कौलाने सवलत देई. म्हणजे आरंभी धारा माफ वा अत्यल्प आणि पुढे तो क्रमाक्रमाने चढत जाई. एका अमावास्येच्या उधाणात बांधाला खांड पडली की वर्षांची मेहनत वाहून जाई. असा बांध एकट्याने घातला, ही कथा ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो.

कथा तपासावयाची तर दोन दप्तरे उघडावी लागतात. एक चर्चचे, दुसरे सरकारचे.

चर्चच्या दप्तराचा पाया ट्रेंटच्या विश्वसभेने घातला. १५६३ साली त्या सभेने प्रत्येक धर्मगुरूला विवाहांची वही ठेवणे बंधनकारक केले. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता व धर्ममाता यांची नावे लिहून ठेवावीत असेही ठरविले. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथात बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातील कुटुंबे अशा नोंदी कशा लिहाव्यात याचे नमुने देण्यात आले. वसई प्रांत १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे आला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो जिंकला. परंतु पोर्तुगीज सत्ता गेली तरी पोर्तुगीज भाषा आमच्या वह्यांतून गेली नाही. आमचे धर्मग्राम १८८६ पासून दमणच्या धर्मप्रांतात, १९२८ पासून मुंबईच्या आणि १९९८ पासून वसईच्या धर्मप्रांतात आले. दमणच्या काळातील वह्या पोर्तुगीजमध्येच आहेत. त्यांतील चांगल्या नोंदींत बालकाच्या आईबापांबरोबर आजी-आजोबांचीही नावे असतात. अशी एक नोंद हाती लागली की शोधकाच्या तीन पायऱ्या एकदम चढून होतात.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. आडनाव पोर्तुगीज म्हणून रक्त पोर्तुगीज, असे समजणारे अजून आढळतात. वस्तुतः ही आडनावे बहुधा बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याकडून किंवा धर्मगुरूकडून मिळालेली आहेत. म्हणून दोन घरांचे आडनाव एक असले तरी कूळ एक असेलच असे नाही. घराणे ओळखावयाचे ते आळीवरून, घराच्या नावावरून आणि टोपणनावावरून.

सरकारच्या दप्तराची रीत निराळी आहे. सिमांव बोतेल्यू या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५५४ साली महसुलाची मोठी वही तयार केली. वसई प्रांतातील गावांचे उत्पन्न तीत सापडते. पण गाव कोणाकडे दिले आणि त्याने किती द्यावयाचे, एवढ्यापुरतेच तिला कुतूहल आहे. चिखलात उभा राहून भात लावणारा माणूस तीत दिसत नाही. तो दिसू लागला फार उशिरा. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी जमीनमोजणीची पद्धत बसविली, ती पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. तिच्यामुळे शेताला क्रमांक मिळाला, नकाशा मिळाला आणि धारा भरणाऱ्याचे नाव कागदावर आले. १९०३ च्या कायद्याने हक्कांची नोंद सुरू झाली आणि १९१३ साली ती महसूल संहितेत समाविष्ट झाली. आज आपण ज्याला सातबारा म्हणतो त्यातील सात नंबरचा नमुना हक्काचा, बारा नंबरचा पिकाचा. आणि हक्कात जो जो बदल होतो तो सहा नंबरच्या नमुन्यात, म्हणजे फेरफाराच्या वहीत, लिहिला जातो. ज्याचा हक्क संपला त्याच्या नावाला तलाठी कंस करीत असे. नाव खोडले जात नसे, नुसते कंसात जाई. शोधकाने प्रथम ही कंसातली नावे वाचावीत, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

दोन्ही दप्तरांतील माणूस एकच आहे हे ओळखणे मात्र सोपे नाही. आमच्या वहीतील 'जुआंव' तलाठ्याकडे 'जाव' होतो, 'पेद्रो'चा 'पेद्रू' होतो आणि 'दोमिंगोस' तर 'डुमिंग' होऊन बसतो. धर्मगुरू आडनाव लिहितो, तलाठी बापाचे नाव लिहितो. त्यातून प्रत्येक पिढीत तीच चार-पाच नावे फिरून येतात. म्हणून एका नोंदीवर विसंबू नये. बाप, बायको, आळी आणि शेताचा क्रमांक या चारांपैकी तीन तरी जुळल्यावाचून 'हाच आमचा' असे म्हणू नये.

हे नियम पाळून आम्ही तालुक्याच्या अभिलेख कक्षात काही दिवस घालविले. 'बाबांच्या खारा'चा जुना सर्व्हे क्रमांक सापडला. त्याचे पहिले हक्कपत्रक उघडले तेव्हा खापरपणजोबांचे नाव दिसले आणि आम्हांस धन्यता वाटली. त्यांच्या नावाखाली आणखी एक नाव होते, ते कंसात होते. नाव एका स्त्रीचे होते आणि पुढे तिच्या मृत नवऱ्याचे. नवऱ्याच्या बापाचे नाव आणि खापरपणजोबांच्या बापाचे नाव एकच होते. म्हणजे ते दोघे सख्खे भाऊ.

या भावाविषयी आमच्या घरात कधी कोणी शब्द काढला नव्हता. फेरफाराची नोंद काढून पाहिली. तीत लिहिले होते, की सदर विधवेने आपला हिस्सा राजीखुशीने दिराच्या लाभात सोडला असून आता तिचा काही हक्क राहिलेला नाही. शेवटी तिचा अंगठा होता. शाई फिकट झाली होती, तरी अंगठ्याच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या.

तेथून आम्ही पुन्हा चर्चच्या वह्यांकडे वळलो. मृत्यूच्या वहीत धाकट्या भावाची नोंद सापडली. मृत्यूचे कारण 'पेस्त', म्हणजे प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियु व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला आणि त्यानंतर ती साथ मुंबईबाहेर पसरली. तिच्यात आमच्या भागातील जी घरे विस्कटली, त्यांपैकी हे एक. मग बाप्तिस्म्याची वही चाळता चाळता जे हाती आले त्याने आम्ही खुर्चीवरून उठलोच. त्या दांपत्याला एक मुलगी होती. तिच्या नोंदीच्या समासात पुढील काळातील बारीक अक्षरात लिहिले होते, की हिचा विवाह शेजारच्या धर्मग्रामात झाला. परमगुरुस्वामी दहावे पायस यांच्या काळातील १९०७ च्या हुकुमाने विवाहाची नोंद वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर करणे आवश्यक झाले आणि १९०८ च्या ईस्टरपासून तो अमलात आला. तो हुकूम निघाला नसता तर ही मुलगी आम्हांस कायमची हरवली असती.

आता दोन दप्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. सरकारी कागदात विधवा आहे, मुलगी नाही. चर्चच्या वहीत मुलगी आहे, जमीन नाही. केवळ फेरफार वाचणारा म्हणेल, निपुत्रिक विधवेने दिराच्या हाती जमीन दिली, त्यात विशेष ते काय? केवळ बाप्तिस्म्याची वही वाचणाऱ्याला जमिनीचा पत्ताच लागणार नाही. १८६५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीचा एक तृतीयांश हिस्सा विधवेचा आणि उरलेला अपत्यांचा, मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. अपत्य असताना भावाला त्यात काहीही नाही. धाकट्या भावाचा संपूर्ण हिस्सा त्या मायलेकींचा होता. मुलीचे नाव कागदावर कधी चढलेच नाही, म्हणून ते कंसात टाकण्याचीही कोणाला गरज पडली नाही.

येथवर आल्यावर खापरपणजोबांना दोषी ठरवून मोकळे होणे सोपे होते. परंतु शेजारच्या धर्मग्रामातील विवाहाच्या वहीत आम्ही त्या मुलीचा विवाह शोधला, तेव्हा साक्षीदारांत त्यांचेच नाव आढळले. म्हणजे बाप गेलेल्या पुतणीच्या लग्नात ते उभे राहिले होते. बांध दरसाल दुरुस्त करावा लागतो. एकटी विधवा तो कसा राखणार, असा विचारही त्यांनी केला असेल. कदाचित त्यांनी त्या दोघींना पोसलेही असेल. कागद एवढे सांगत नाही. 'राजीखुशीने' हा शब्द तलाठ्याचा आहे. तिची खुशी होती की नव्हती हे तिच्या अंगठ्यावरून वाचता येत नाही.

त्या मुलीचे वंशज आजही शेजारच्या धर्मग्रामात आहेत. आमच्या थोरल्या बंधूंना घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. घरात ऐंशी ओलांडलेल्या एक बाई होत्या. त्या मुलीची नात. आम्ही सर्व कागद पुढे ठेवले आणि घडलेले सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाल्या, "फादर, हे आम्हांला ठाऊक आहे. आजी सांगायची, माझ्या बापाने डोक्यावरून माती वाहून बांध घातला. उघाडीच्या जागी पाणी रोखायला रात्रभर तो छातीभर पाण्यात उभा होता."

थोरले बंधू म्हणाले, "बाय, त्यातली बरीचशी जमीन आता आमच्या हातात राहिली नाही. जी आहे, तिच्याविषयी काय करायचे ते तुम्ही सांगा."

त्या म्हणाल्या, "जमिनीचे मुलांशी बोला. मला एवढेच सांगा, तुमच्या घरी नोव्हेंबरात मयतांसाठी मिस्सा सांगता, त्यात माझ्या आजीच्या आईचे नाव कधी घेतले का?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. गेली कित्येक वर्षे ती यादी आम्हीच वाचीत आलो आहोत. खापरपणजोबांचे नाव तीत पहिले असते. ज्या भावाने बरोबर बांध घातला तो तीत नव्हता आणि ज्या बाईने अंगठा दिला तीही नव्हती. सरकारी दप्तराने निदान कंसात तरी तिचे नाव जपले होते. आमच्या घराने तेवढेही केले नव्हते.

सलाफहादाच्या पाच कन्यांची गोष्ट जुन्या करारात आहे. बाप पुत्राविना वारला म्हणून त्याचे नाव कुळातून का नाहीसे व्हावे, असा प्रश्न घेऊन त्या मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि देवाने त्यांचे म्हणणे रास्त ठरविले. सेमिनरीत हा उतारा आम्ही अभ्यासला होता, त्यावर प्रवचनेही केली होती. तो आपल्याच खारात लागू पडेल असे कधी मनात आले नव्हते.

गेल्या २ नोव्हेंबरला आमच्या कुटुंबाच्या यादीत तीन नावे वाढली. धाकटा भाऊ, त्याची पत्नी आणि त्यांची कन्या. मिस्सेला दोन्ही घरची माणसे आली होती. जमिनीचे बोलणे दोन्ही घरांत चालू आहे. ते सोपे नाही आणि अजून संपलेले नाही. परंतु ते आता एका ओटीवर बसून चालते.

ज्या वाचकांना आपल्या कुळाचा शोध घ्यावयाचा असेल त्यांना आमची विनंती एवढीच. संगणकावरील ताज्या उताऱ्यावर थांबू नका. जुने हस्तलिखित हक्कपत्रक आणि फेरफार मागा. बाप्तिस्म्याच्या नोंदीचा समास वाचा, धर्ममातेचे नाव वाचा. घरातील वृद्ध स्त्रिया जे सांगतात ते त्यांच्या हयातीत लिहून घ्या. आणि ज्या घरात आपल्या मुली, आत्या, पणजीच्या बहिणी दिल्या गेल्या, त्या घरीही जाऊन विचारा. आपल्या मूळ पुरुषाची उरलेली अर्धी हकीकत बहुधा तेथेच असते. आमच्या घरी त्या शेताला अजून 'बाबांचा खार'च म्हणतात. जुनी सवय आहे. मात्र परवा आमच्या पुतण्याच्या लहान मुलीने विचारले, "कोणत्या बाबांचा?" तेव्हा थोरल्या बंधूंनी तिला दोन्ही भावांची नावे सांगितली.