घटना समितीच्या बैठका



बैठक म्हटली कीं बहुतेकांच्या कपाळाला आठी पडते. ती कचेरींतील असो, गृहसंस्थेची असो, किंवा हल्लीं रूढ झाल्याप्रमाणें आपापल्या घरीं पडद्यासमोर बसून करावयाची असो; बोलणें पुष्कळ होतें आणि निर्णय पुढील खेपेवर जातो. शाळामास्तरकींत मीं अशा बैठका पोटभर पाहिल्या. परंतु आज सांगावयाचें आहे तें आपल्या देशांतील एका फार मोठ्या बैठकीविषयीं.

ता. ९ डिसेंबर १९४६ रोजीं घटना समिती दिल्लींत प्रथम भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं तिनें राज्यघटना स्वीकारली. दोन वर्षें, अकरा महिने, सतरा दिवस! फार वेळ लागला, अशी ओरड तेव्हांही झाली. आंकडे मात्र निराळेंच सांगतात. अधिवेशनें अकरा झालीं आणि बैठकीचे दिवस भरले अवघे १६५. त्यांपैकीं ११४ मसुद्याच्या विचारांत गेले. मग उरलेला काळ गेला कोठें? बराचसा तयारींत.

घटनाविषयक सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनीं प्रथम २४३ कलमांचा आराखडा सिद्ध केला. २९ ऑगस्ट १९४७ रोजीं मसुदा समिती नेमली गेली व डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. ही समिती एकूण १४१ दिवस बसली. तिचा ३१५ कलमांचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्यें तयार झाला व छापून लोकांपुढें ठेवण्यांत आला. सभागृहांत त्यावर चर्चा सुरू झाली ती नोव्हेंबरांत. म्हणजे मध्यें आठ महिने लोकांना वाचावयास मिळाले. सभासद आले ते मसुदा वाचून, आपल्या उपसूचना लिहून. अशा सुमारें ७,६३५ उपसूचना दाखल झाल्या. प्रत्यक्ष मांडल्या गेल्या २,४७३. दोनतृतीयांश उपसूचना सभागृहांत उच्चार होण्यापूर्वींच गळाल्या!

यांत काँग्रेस पक्षाच्या शिस्तीचाही भाग होता. कोणत्या उपसूचनेचें काय व्हावयाचें हें आधींच ठाऊक असे, असें आंबेडकरांनीं स्वतःच समारोपाच्या भाषणांत सांगितलें. हें कोणास खटकेल. मलाही थोडेंसें खटकतें. तथापि त्याच भाषणांत त्यांनीं कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू प्रभृति बंडखोरांचे आभारही मानले. तीं माणसें नसतीं तर सभा होयबांची झाली असती, असा त्यांचा भाव होता. कामतांनीं उद्देशिकेच्या आरंभीं ईश्वराचें नांव घालावें अशी सूचना आणली. १७ ऑक्टोबर १९४९ रोजीं ती ६८ विरुद्ध ४१ मतांनीं फेटाळली गेली. एवढ्या नाजूक प्रश्नाचा निकाल मतें मोजून लागला आणि काम पुढें चाललें. नझिरुद्दीन अहमद यांनीं तर ‘ड्राफ्टिंग कमिटी’स ‘ड्रिफ्टिंग कमिटी’, म्हणजे वाहवत जाणारी समिती, असें नांव ठेवलें होतें. तेंही इतिवृत्तांत छापलेलें आहे.

आतां रिकाम्या खुर्च्यांची गोष्ट. ५ नोव्हेंबर १९४८ रोजीं टी. टी. कृष्णम्माचारी यांनीं सभागृहास मसुदा समितीच्या सात सभासदांचा हिशेब दिला. एकानें राजीनामा दिला, त्याची जागा भरली गेली; एक वारला, त्याची भरली नाहीं; एक अमेरिकेंत होता; एक संस्थानच्या कारभारांत गुंतलेला; एकदोघे दिल्लीपासून दूर, आणि त्यांची प्रकृतीही बहुधा साथ देत नसावी. शेवटीं भार पडला तो आंबेडकरांवर, आणि त्यांची प्रकृति तरी कोठें धड होती? दूर असलेल्यांना आज पडद्यावरून हजर राहतां आलें असतें, हें खरें. परंतु कलमांतील शब्द न शब्द घासूनपुसून घेण्याचें काम नुसत्या हजेरीनें होत नाहीं. कोणाला तरी कागद पुढें ओढून बसावें लागतें.

तसे बसणारे सभागृहाबाहेरही होते. मुख्य मसुदाकार सुरेंद्रनाथ मुखर्जी हे समितीचे सभासद नव्हते. त्यांच्या साहाय्यावांचून या सभेस आणखी कित्येक वर्षें लागलीं असतीं, असें आंबेडकरांनीं २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं सांगितलें. आणि त्यांच्या हाताखालील मंडळी कधीं कधीं मध्यरात्र उलटेपर्यंत काम करीत, याचाही उल्लेख करण्यास ते विसरले नाहींत.