थंडीतील सुगंध

सुगंध म्हणजे चैन, असे म्हणून आपण त्याला इतिहासाच्या दाराबाहेर बसवतो. आपल्या जुन्या वैद्यांनी मात्र त्याला ऋतुचर्येत मानाची जागा दिली होती. चरकसंहितेत थंडीच्या दिवसांत अगरूचा दाट लेप सांगितला आहे, तर उन्हाळ्यात चंदनाचा. सातव्या शतकाच्या सुमारास झालेला वाग्भट हेमंतासाठी केशर-कस्तुरीची उटी आणि वर अगरूची धुरी सांगतो. म्हणजे हिवाळ्यातला सुगंध हा नटण्याइतकाच ऊब धरण्याचा उपाय होता.

वैद्यांनी याचे कारण द्रव्याच्या उष्ण वा शीत वीर्यात शोधले. आपण ते दुसऱ्या भाषेत सांगू. वास म्हणजे द्रव्याचे कण उडून नाकाशी येणे. हवा गार असली की ते कमी उडतात, आणि फुलांचा नाजूक वास थंडीत फिका पडतो. अगरू, कस्तुरी यांचे वास जड. उन्हाळ्यात ते कोंदट वाटतील, पण थंडीत अंगाच्या उबेने हळूहळू उलगडतात. बाष्पीभवनाचे नियम ठाऊक नसताना केलेली ही निवड मला मोठी मार्मिक वाटते.

ही विद्या केवळ संस्कृतात अडकून राहिली नाही. 'गंधवाद' नावाचा सुगंधी द्रव्यांवरील ग्रंथ आहे, आणि त्यावर चक्क मराठी टीका आहे! पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी त्या दुर्मिळ हस्तलिखिताची चिकित्सा करून त्याचा काळ इ. स. १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरवला. जुन्या मराठीत देवधर्म आणि लढाया यांपलीकडे काही नाही, असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पुढे मोगल दरबारात अत्तराला बहर आला. गुलाबाच्या अत्तराचे श्रेय जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नूरजहानच्या आईला दिले आहे. कनौजला आजही तांब्याच्या डेगेतून निघालेली वाफ बांबूच्या नळीने भपक्यातल्या चंदनतेलात उतरवतात. लेप आणि धुरी गेली, पण ऋतूचा विवेक गेला नाही. खस उन्हाळ्याचा, हिना आणि शमामा थंडीचे. स्पिरिटातला सुवास भुर्रकन उडतो. तेलातले अत्तर कातडीला धरून राहते. म्हणून कानाच्या पाळीत खोचलेला इवलासा फाया थंडीत पुरतो. शालीवर बाटली उपडी करणाऱ्याला अत्तर कळले नाही, एवढेच म्हणेन.

या उबेची किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली. कस्तुरी येते हिमालयातल्या नर कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतून, आणि तिच्यासाठी मृग मारले गेले. अगरूची राळ झाडाच्या जखमी, बुरशी लागलेल्या गाभ्यात साठते. तिच्या शोधात आसामकडची झाडे तुटली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कस्तुरीमृगाच्या शिकारीला बंदी केली. त्यामुळे खऱ्या कस्तुरीचा हिना कोणी हळूच पुढे केला, तर त्याला दोनच शक्यता असतात : माल खोटा, किंवा गुन्हा खरा.