ब्राह्मी लिपीची उत्पत्ति : एक प्रश्न कीं दोन ?

ब्राह्मी लिपि कोठून आली, हा प्रश्न निघाला कीं वाद बहुधा दोन टोकांस जातो. एक पक्ष म्हणतो, ती परकीयांकडून घेतली. दुसरा म्हणतो, ती सर्वस्वीं येथील. दुसऱ्यास पहिल्याच्या म्हणण्यांत देशाचा अपमान दिसतो, आणि पहिल्यास दुसऱ्याच्या म्हणण्यांत केवळ अभिमान. आमचें नम्र मत असें कीं, येथें एक प्रश्न नसून दोन आहेत : अक्षरांच्या आकृति कोठल्या, आणि त्या आकृतींनीं दाखविलेली वर्णव्यवस्था कोणाची. हे वेगळे केल्यावांचून पुराव्याचा विचार नीट होणें नाहीं.

प्रथम निश्चित काय तें पाहूं. इ. स. १८३७ मध्यें जेम्स प्रिन्सेप यांनीं सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील लघुलेखांच्या शेवटीं वारंवार येणारीं दोन अक्षरें 'दानं' अशीं ओळखलीं व त्या किल्लीनें अशोकाचीं शासनें उलगडलीं. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांतील या शासनांत लिपि पूर्ण वाढलेली दिसते. सोपारें येथें पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ सालीं सांपडलेला आठव्या शासनाचा तुकडा त्याच लिपींत आहे. म्हणजे कोंकणच्या किनाऱ्यापर्यंत ती तेव्हांच पोंचली होती. तिच्या मागें काय होतें, हाच वाद. सिंधूकांठच्या मुद्रांवरील लिपीशीं तिचें नातें जोडण्याचा यत्न लँग्डन व हंटर यांनीं केला. परंतु ती लिपि अद्यापि वाचली गेलेली नाहीं, आणि तिच्या अंतापासून अशोकापर्यंत सहस्राहून अधिक वर्षांचें अंतर आहे. न वाचलेल्या लिपीवरून वाचलेल्या लिपीची वंशावळ ठरविणें युक्त नव्हे.

आकृतींचा प्रश्न आधीं घेऊं. कनिंगहॅम यांनीं १८७७ सालीं ब्राह्मी अक्षरें येथील चित्रांपासून निघालीं असें मांडलें. उलट ब्यूलर यांनीं १८९५ सालीं तीं प्राचीन सेमिटिक अक्षरांपासून सिद्ध करूं पाहिलीं. ब्राह्मी 'ग' व फिनिशियन गिमेल, किंवा ब्राह्मी 'थ' व तेथ, हीं साम्यें डोळ्यांस दिसतात. परंतु कांहीं अक्षरें उलटीं वा आडवीं केल्यावांचून जुळत नाहींत, तेथें युक्तिवाद दुबळा पडतो. तथापि संपर्काचा पुरावा स्वतंत्र आहे. गांधार देश इराणी सम्राटांच्या अमलाखालीं होता आणि त्यांच्या दप्तरांत आरमाइक लिपि चाले. उजवीकडून डावीकडे जाणारी खरोष्ठी तिच्यापासून झाली, याविषयीं विद्वानांत फारसा मतभेद नाहीं. शाहबाजगढीच्या शासनांत 'लिपि' ऐवजीं 'दिपि' हा शब्द येतो, आणि तोच प्राचीन इराणी लेखांतही आढळतो. पाणिनीस 'लिपि' शब्द ठाऊक होता व 'यवनानी' हें रूप त्यानें साधिलें; कात्यायन त्याचा अर्थ यवनांची लिपि असा लावतो. दूर दक्षिणेंत ब्रह्मगिरीच्या ब्राह्मी शासनाखालीं चपड नांवाच्या लेखकानें आपल्या नांवापुढील 'लिपिकरेण' हा शब्द खरोष्ठींत लिहिला आहे. दोन्ही लिपि जाणणारे लोक तेव्हां होते. मग एकीचे संस्कार दुसरीवर होणें अशक्य म्हणतां येत नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. सेमिटिक वर्णमालेंत २२ व्यंजनें. स्वरांस स्वतंत्र चिन्ह नाहीं, आणि अलेफ, बेथ या क्रमास उच्चाराचा आधार नाहीं. आमची वर्णमाला कंठापासून ओष्ठापर्यंत स्थानानुसार लागलेली आहे. शिक्षा व प्रातिशाख्यें यांतील हें ज्ञान मुखपाठाच्या रक्षणासाठीं वाढलें. त्यास लेखणीची गरज नव्हती. ब्राह्मींत 'प'च्या टोकास वळण देऊन 'फ' होतो, 'अ'ला रेघ जोडून 'आ' होतो, 'न'च्या माथ्यावर आडवी रेघ दिली कीं 'ण' होतो. हें काम उच्चारशास्त्र जाणणाराचेंच. परंतु क-ख, ग-घ, त-थ या जोड्यांत असें नातें दिसत नाहीं. कोऱ्या पाटीवर एकट्या वैयाकरणानें सारी लिपि रचिली असती, तर पांचही वर्ग एकाच सांच्याचे झाले असते. म्हणून हातीं आलेल्या कांहीं आकृति भारतीय वर्णज्ञानानें दुरुस्त करून वाढविल्या, हा पक्ष आम्हांस अधिक संभवनीय वाटतो.

एका सांच्याची लिपि पाहावयाची तर कोरिया देशाकडे पाहावें. तेथें सेजोंग राजाची लिपि १४४३ सालीं सिद्ध होऊन १४४६ सालीं प्रसृत झाली. तींत अल्पप्राणाच्या चिन्हास रेघ वाढविली कीं महाप्राण होतो. तिच्या आकृतींविषयीं, खिडकीच्या जाळीवरून त्या सुचल्या येथपर्यंत, नाना तर्क झाले. १९४० सालीं मूळ स्पष्टीकरणाचा छापील ग्रंथ उजेडांत आला, आणि व्यंजनचिन्हें जीभ, ओठ, दांत व कंठ यांच्या ठेवणीवरून घेतलीं, हें रचणारांच्याच शब्दांत कळलें. एका ग्रंथानें हे तर्क निकालांत काढले.

ब्राह्मीस असा ग्रंथ लाभलेला नाहीं. तिच्यासाठीं शिळा, नाणीं व खापरेंच बोलणार. हॅरी फाल्क यांनीं १९९३ सालीं ही लिपि मौर्यकालींच घडली असें प्रतिपादिलें. उलट श्रीलंकेंतील अनुराधपुर येथें ब्राह्मी अक्षरांचीं खापरें अशोकपूर्व थरांत मिळाल्याचें १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. हा वाद अक्षराच्या वळणापेक्षां खापर कोणत्या थरांत मिळालें यावरच अधिक अवलंबून आहे. म्हणून संग्राहक बंधूंस आमची विनंति कीं, कोरलेलें खापर वा नाणें हातीं आलें असतां त्याचें गांव, शेत, खोली व सोबतच्या वस्तु यांची नोंद आधीं करावी, मग अक्षरें लावावीं. स्थलाची नोंद नसलेलें अक्षर कितीही जुनें असो, तें साक्षीस उभें राहत नाहीं. आकृतींचें मूळ उद्यां परदेशीं ठरलें तरी वर्णमालेचा मान तिळभरही उणा होणार नाहीं. पण पुरावा विस्कटला तर दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें एकदमच हरपतील.