पुनर्क्रीडा आणि निरूपण

‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा ब्रिटिश सायबरपंक साहसखेळ १९९४ साली आला. कोडी सुटली की असा खेळ संपतो, हा समज अपुरा आहे. अंबरीषाचे आख्यान बार्शीच्या श्रोत्याला पाठ असते. तरी तो कीर्तनाला बसतो, तो निरूपणासाठी. भाष्यासह पुन्हा खेळणाऱ्याचेही तसेच. उत्तरे ठाऊक असल्याने त्याचे लक्ष नगररचनेकडे वळते : कष्टकरी वरच्या धुरकट मजल्यांवर, धनिक तळाशी. ही उलटी उतरंड पहिल्या खेळीत, वस्तू शोधण्याच्या घाईत, नजरेतून निसटते. मात्र जुने संगणक अस्तंगत झाल्यावरही हे पुनर्वाचन शक्य झाले, कारण निर्मात्यांनी मूळ आज्ञावली ‘स्कमव्हीएम’च्या चमूकडे सोपवली आणि २००३ साली खेळ विनामूल्य केला. त्याच्या सर्वच समकालीनांना हे भाग्य लाभले नाही.